पेनीफोल्डच्या घरातली नोकरी

साउथहॅम्प्टनहून बसने पाऊण तासावर ब्रॅकनी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या चर्चच्या मागे एक अरुंद दुमजली घर आहे. त्या घरात सायलस पेनीफोल्ड नावाचा अमेरिकन राजकारणी जन्मला. तो आठ महिन्यांचा असताना आईवडील त्याला घेऊन बोटीने अमेरिकेला गेले आणि तो पुन्हा कधी ब्रॅकनीला आला नाही. पुढे इंडियाना राज्यातून तो तीस वर्षं सतत निवडून येत राहिला, म्हणून त्याच्या नातीने हे घर शोधून विकत घेतलं आणि टाउन कौन्सिलला भेट दिलं. कौन्सिलने त्याचं म्युझियम केलं आणि चालवायला एक ट्रस्ट नेमला. त्या म्युझियममध्ये माझा मित्र उदय फणसळकर याने सोळा-सतरा वर्षं नोकरी केली.

उदय मूळचा मिरजेचा. शिपिंगच्या नोकरीतून इंग्लंडला आला आणि साउथहॅम्प्टन बंदरातल्या एका फ्रेट ऑफिसमध्ये चिकटला. कोणता कंटेनर कोणत्या बोटीवर, हे त्याचं काम. एके दिवशी कंपनीने ते ऑफिसच दुसऱ्या शहरात हलवलं. उदय तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. त्याची बायको आशा हॉस्पिटलच्या फार्मसीत होती, मुलगी तनिषा युनिव्हर्सिटीत होती, घर ब्रॅकनीत स्वतःचं होतं. अडचण एकच होती, ती म्हणजे उदय घरी असायचा. त्याने मसाल्याचे डबे आधी उंचीप्रमाणे लावले, मग इंग्रजी अक्षरांप्रमाणे. हळद शेवटी गेली. दुसऱ्या आठवड्यात आशाने गावच्या पेपरमधली जाहिरात कापून त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवली.

मुलाखत ट्रस्टच्या अध्यक्षबाईंनी घेतली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या.

“अमेरिकेचा इतिहास माहीत आहे?”

“नाही,” उदय म्हणाला.

“लोकांशी बोलायला आवडतं?”

“ठीक.”

“आणि एकटं बसायला?”

“ते चालतं.”

नोकरी मिळाली. पुढे त्याला कळलं, की तिसरा प्रश्नच महत्त्वाचा होता.

घरात बघण्यासारखं फार नव्हतं. वरच्या मागच्या खोलीत एक पाळणा होता, तो पेनीफोल्डचा नव्हता, पण त्याच काळातला होता. खाली त्याच्या वडिलांचं खोगिरं शिवायचं बाकडं होतं. अमेरिकेहून आलेली एक खुर्ची होती, आणि दाढीमिशांचं एक मोठं तैलचित्र होतं, ज्यात पेनीफोल्ड कुणाचं तरी बोलणं संपण्याची वाट बघत असल्यासारखा दिसायचा. बाकी सगळं सांगावं लागायचं. म्हणून उदयने पेनीफोल्डबद्दल मिळेल ते वाचलं. बंदरात बोटींची माहिती जशी लावायचा तशी ती ओळीने लावली, आणि चाळीस मिनिटांची टूर तयार केली.

पेनीफोल्डची कारकीर्द अशी. इंडियानात त्याचं किराणा मालाचं दुकान होतं. दुकानात सगळा गाव यायचा, म्हणून लोकांनी त्याला उभं केलं. १८७२ साली तो वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात गेला. तिथे दर दोन वर्षांनी निवडणूक असते. तो दर दोन वर्षांनी निवडून आला. एकदा त्याने पक्ष बदलला. मतदार तेच राहिले. त्याच्या कारकिर्दीत अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांना गोळ्या घातल्या गेल्या, पेनीफोल्डला कुणी साधा दगडसुद्धा मारला नाही. त्याच्या मतदारसंघात जिथे चार घरं दिसतील तिथे त्याने पोस्ट ऑफिस आणलं. रेल्वेवाल्यांच्या लाचखोरीची मोठी चौकशी झाली तेव्हा त्याचं नाव आलं नाही, कारण त्याला लाच देण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

शेवटची दहा वर्षं तो एका समितीचा अध्यक्ष होता. सभागृहातली हवा आणि आवाज, हा त्या समितीचा विषय. सभागृहाला बाहेर उघडणाऱ्या खिडक्या नव्हत्या, आतली हवा कोंदट, आणि मागे बसलेल्याला पुढचं ऐकू येत नसे. पेनीफोल्डने तीस वर्षांत एकच मोठं भाषण केलं, ते या कोंदट हवेवर. भाषण चालू असताना वरच्या गॅलरीत दोन पत्रकार झोपले. पेनीफोल्डने सभापतींना ते दाखवलं आणि म्हणाला, “हा माझा पुरावा.” हवा खेळती ठेवणारी नवी यंत्रं बसवायला मंजुरी मिळाली. तो पदावर असतानाच वारला.

हे सगळं उदय अगदी गंभीरपणे सांगायचा. समितीवर दहा मिनिटं जायची.

ऐकायला फार कुणी नसायचं. बाहेर भुरभुर सुरू झाली की लोक आत यायचे आणि थांबली की जायचे. कधी अमेरिकन जोडपी यायची, त्यांना दुसरंच कुणाचं तरी घर हवं असायचं. आम्ही साउथहॅम्प्टनचे मराठी लोक मात्र नियमाने जायचो. भारतातून कुणाचे आईवडील आले, की त्यांना क्रूझच्या बोटी दाखवायच्या, स्टोनहेंज दाखवायचं आणि मग उदयचं म्युझियम. त्यांच्यासाठी उदय टूर मराठीत करायचा. पेनीफोल्डवर मराठीत बोलणारा तो जगातला एकमेव माणूस असावा. माझ्या सासूबाईंनी एकदा सगळं ऐकून विचारलं, “म्हणजे यांनी नेमकं केलं काय?” उदयने थोडा विचार केला आणि समितीचा भाग पुन्हा सांगितला.

तनिषा लंडनला नोकरीला लागल्यावर तिने आईबाबांना एका शनिवारी कॅमडेनला नेलं, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघायला. त्या घरात नागपूरहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातले वयस्कर गृहस्थ बाबासाहेबांच्या खोलीच्या दाराशी हात जोडून उभे राहिले, आणि बराच वेळ तसेच उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. उदय एका कोपऱ्यात थांबला.

परतीच्या ट्रेनमध्ये आशाने विचारलं, “काय झालं हो?”

“त्या गृहस्थांनी दाराबाहेर बूट काढून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं.”

“मग?”

“आमच्याकडे लोक पायसुद्धा पुसत नाहीत.”

“अहो, तुलना कशाला करताय?”

“तुलना नाही करत. बाबासाहेबांनी देशाची घटना लिहिली. आमच्या माणसाने हवा खेळती केली.” उदय खिडकीबाहेर बघत म्हणाला. “पण त्याचंही दार उद्या कुणीतरी उघडायला पाहिजेच ना.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्याने दार उघडलं. कुणी आलं नाही.

रविवारी कुणी न येण्याला पुढे एक ठोस कारण मिळालं. रविवारची बस बंद झाली. उदय टाउन कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन मागच्या खुर्चीवर बसला आणि वेळ मिळाल्यावर उभा राहून बसबद्दल बोलला. टाउन कौन्सिलने सांगितलं की बस आमच्या हातात नाही. मग तो पुढच्या मीटिंगला गेला, आणि त्याच्या पुढच्यासुद्धा. तिसऱ्या मीटिंगनंतर कौन्सिलची क्लार्क सारा त्याच्याजवळ आली.

“तुम्ही सलग तीनदा आलात,” ती म्हणाली. “आमचे काही मेंबर एवढे येत नाहीत. एक जागा रिकामी आहे. घेता का?”

मध्येच रिकामी झालेली जागा कौन्सिल स्वतःच भरतं, तसा उदय नगरसेवक झाला. कुणी मत दिलं नाही, कुणी विरोध केला नाही. नऊ जणांचं ते कौन्सिल दफनभूमी, बागा, बाकडी आणि दिवाळीएवढ्याच उत्साहाने ख्रिसमसचे दिवे सांभाळायचं. उदय एकही मीटिंग चुकवत नसे आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. नंतरच्या दोन निवडणुकांत नऊ जागांसाठी नऊच अर्ज आले, त्यामुळे मतदान झालंच नाही. तनिषा फोनवर म्हणाली, “बाबा, तू तर पॉलिटिशियन झालास! सो क्यूट.” बस काही परत सुरू झाली नाही.

मग पेनीफोल्डच्या घराचं छप्पर गळायला लागलं. तपासणीला आलेल्या माणसाने वर चढून पाहिलं आणि खाली येऊन सांगितलं की दुरुस्ती होणार नाही, पूर्ण नवीन घालावं लागेल. घर कौन्सिलच्या मालकीचं, म्हणून खर्चही कौन्सिलचा. लगेच ठराव आला, घर विकून टाकावं. चार जण विक्रीच्या बाजूने होते आणि त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. बाजारपेठेत गाड्या लावायला जागा नव्हती, खेळाच्या मैदानाचं कुंपण पडलं होतं, आणि पेनीफोल्ड कोण हे गावात विचारलं तर लोक म्हणायचे, पूर्वी इथे पब चालवायचा तोच ना? चार जण विरोधात होते. नववा उदय.

साराने त्याला ऑफिसात बोलावलं.

“उदय, तुम्ही तिथे पगारी नोकर आहात. नियम असा आहे, की तो विषय निघाला की तुम्हाला खोलीबाहेर जावं लागेल.”

“मग?”

“मग चार विरुद्ध चार. अशा वेळी मेयरचं मत दोनदा धरलं जातं. आणि मेयर विक्रीच्या बाजूने आहेत.”

“आणि मी नोकरी सोडली तर?”

साराने चहा ढवळला. “तर तुम्ही मीटिंगमध्ये बसू शकता,” ती म्हणाली. “त्या घरात नाही.”

घरी आशा मटार सोलत होती. उदयने तिला सगळं सांगितलं. तो म्हणाला की मोठा पेच आहे, एकीकडे नोकरी आणि एकीकडे घर.

“अहो, घर विकलं गेलं तर तुमची नोकरी राहील का?”

उदयने मटाराची एक शेंग उचलली. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“म्हणजे नोकरी दोन्हीकडून जातेय,” आशा म्हणाली. “प्रश्न फक्त छपराचा आहे.”

त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. ट्रस्टच्या अध्यक्षबाई आता ऐंशीच्या पुढे होत्या. त्या म्हणाल्या, “मीटिंग होऊ दे. दोन-तीन महिने जाऊ देत. मग परत ये. तुझी जागा आम्ही भरत नाही.”

“नको,” उदय म्हणाला.

“का रे?”

“आज बाहेर पडायचं, मत द्यायचं, आणि परत तिथेच येऊन पगार घ्यायचा, हे बरं दिसत नाही.”

“कुणी काही म्हणणार नाही.”

“मला माहीत आहे. कुणाचं लक्षही जाणार नाही. पण बरं दिसत नाही.”

बाईंनी त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या. शेवटच्या दिवशी त्याने पाळण्यावरची धूळ पुसली, तैलचित्र सरळ केलं आणि दिवे बंद केले. आशा त्याला न्यायला गाडी घेऊन आली होती. तिला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल. तो म्हणाला, मागच्या दाराची कडी घट्ट झालीये, नवीन माणसाला सांगायला पाहिजे.

मीटिंगच्या संध्याकाळी मीही जाऊन मागे बसलो होतो. विक्रीच्या बाजूचे चौघे चांगले बोलले. एकाने विचारलं की या पेनीफोल्डने ब्रॅकनीसाठी आठ महिन्यांत काय केलं. लोक हसले. उदय उभा राहिला. मला वाटलं आता समिती येणार. पण त्याने पेनीफोल्डचं नावही घेतलं नाही. तो छपरावर बोलला. जुन्या कौलांपैकी निम्मी परत वापरता येतील, मागची बाजू पत्र्याची केली तरी रस्त्यावरून दिसत नाही, आणि काम दोन टप्प्यांत केलं तर कुंपणही यंदाच होईल. एवढं बोलून तो खाली बसला. पाच विरुद्ध चार मतांनी घर राहिलं.

ट्रस्टने जागेची जाहिरात दिली आणि सिया नावाच्या मुलीला घेतलं. ती लेस्टरची. जन्म तिथलाच, आजी-आजोबा नाशिकचे, शिक्षण म्युझियमचंच झालेलं. ब्रॅकनीत मराठी माणसाच्या जागी मराठी मुलगी यावी हा निव्वळ योगायोग होता, पण गावात अशी समजूत झाली की पेनीफोल्डचं आणि भारताचं काहीतरी नातं आहे. ती समजूत अजून पूर्ण गेलेली नाही.

छप्पर होऊन घर पुन्हा उघडल्यावर उदय लगेच गेला नाही. दोन महिने गेले. मग एका शनिवारी तो आणि आशा निघाले, मला आणि माझ्या बायकोलाही बरोबर घेतलं. दारात गर्दी होती. गर्दी म्हणजे पंधरा-वीस माणसं, पण त्या दारात मी तेवढी कधी पाहिली नव्हती. उदयने रांगेत उभं राहून तिकीट काढलं.

सियाने त्याला ओळखलं. “काका! तुम्ही तिकीट का काढला? तुम्ही तर, म्हणजे, इथला हिस्टरी आहात!”

“असू दे,” उदय म्हणाला.

तिची टूर पंधरा मिनिटांची होती. पाळणा तिने एका वाक्यात संपवला. लहान मुलांना तिने चार घरं आखलेला नकाशा दिला आणि पोस्ट ऑफिस कुठे हवं ते ठरवायला लावलं, मुलं भांडायला लागली. शेवटी तिने सगळ्यांना मागच्या लहान खोलीत कोंबलं, खिडक्या बंद केल्या आणि पेनीफोल्डचं भाषण स्वतः म्हणायला सुरुवात केली. एका आजोबांना तिने आधीच सांगून ठेवलं होतं, ते घोरायला लागले. “हा माझा पुरावा!” सिया ओरडली, खिडकी उघडली, आणि खोलीभर लोक हसले. टाळ्या झाल्या.

उदय हसला नाही. तो हसणाऱ्या लोकांकडे बघत होता, एकेकाकडे, नीट. त्याने ती गोष्ट अनेकदा सांगितली होती, अक्षरशः त्याच शब्दांत.

टूर संपल्यावर सिया त्याच्याजवळ आली. तिचा चेहरा जरा उतरला होता. “काका, तुमचा समितीचा पार्ट मी खूप छोटी केलीय. राग नाही ना आला?”

“नाही,” तो म्हणाला. “मागच्या दाराची कडी?”

“बदलली.”

“बरं केलंस.”

आम्हाला साउथहॅम्प्टनला सोडायला आशाने गाडी काढली. गावाबाहेरचा चौक आला तेव्हा उदयने समोर बघतच विचारलं, “मी बोअर करायचो का?”

आशा गाडी चालवत होती. “हो,” ती म्हणाली.

“खूप?”

“अहो, लोक तुमच्यासाठी यायचे.”

माझी बायको मागून म्हणाली, “माझ्या आईला आवडलं होतं हं.” ते खरं नव्हतं, हे गाडीतल्या चौघांनाही माहीत होतं.

पुढच्या मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक आली, आणि या वेळी दहा अर्ज आले. दहावा अर्ज एका तरुण इस्टेट एजंटचा होता. त्याचा मुद्दा एकच, पार्किंग. उदयला आयुष्यात पहिल्यांदा मतं मागायला दारोदार जावं लागलं. आशा बरोबर जायची, कारण तो बेल वाजवून दोन पावलं मागे जायचा आणि लोकांना वाटायचं पार्सल आलंय. एका बाईंनी विचारलं, “तुम्ही इतक्या वर्षांत काय केलंत?” उदयने प्रामाणिकपणे सांगितलं, तळ्याजवळची दोन बाकडी, दफनभूमीचा नळ आणि एक छप्पर. बाईंनी त्याचे आभार मानून दार लावलं.

तो हरला. फार नाही, थोडक्यात हरला. मोजणी शाळेच्या हॉलमध्ये होती. निकाल वाचून दाखवला तेव्हा त्याने त्या तरुणाशी हात मिळवला आणि खुर्च्या उचलून ठेवायला लागला. आशा बाहेर गाडीत जाऊन रडली. उदय तिला शोधत आला आणि गडबडला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिला राजकारणात रस आहे हे त्याला माहीत नव्हतं.

“मला राजकारणात काही रस नाही,” आशा डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही उन्हातान्हात, थंडीत त्या मीटिंगांना जायचात. लोकांना दिसत नाही का?”

“दिसत असेल,” उदय म्हणाला. “पण त्यांना गाड्या लावायच्यात.”

पेनीफोल्ड कधी हरला नव्हता, त्यामुळे हरल्यावर काय करायचं याची माहिती उदयकडे नव्हती. उन्हाळाभर तो जरा हरवल्यासारखा होता. मसाल्याचे डबे त्याने काढून पाहिले आणि परत ठेवले. आम्ही जेवायला बोलावलं की यायचा, निघताना ताट स्वतः धुवायचा.

सप्टेंबरमध्ये फोन आला. तो तरुण इस्टेट एजंट होता. त्याला पार्किंगच्या कमिटीत जागा मिळाली नव्हती, दफनभूमीच्या कमिटीत टाकलं होतं. तिथल्या कुंपणाची झाडी फुटपाथवर आली होती, लोकांच्या तक्रारी येत होत्या, आणि त्याला काहीच कळत नव्हतं.

“सारा म्हणाली तुम्हाला विचार,” तो म्हणाला. “तुम्ही याल का? म्हणजे, तुमची हरकत नसेल तर.”

उदय गेला. दोघे दफनभूमीभर फिरले. उदयने त्याला सगळं सांगितलं. कोणती बाजू कौन्सिलची आणि कोणती चर्चची, कुठल्या झाडीत पक्षी घरटी करतात, म्हणून तिला कात्री फेब्रुवारी संपायच्या आत लावायची, उत्तरेकडच्या कोपऱ्यात मुळं भिंतीखाली गेलीत म्हणून तिथे यंत्र चालवायचं नाही, आणि कुठल्या म्हाताऱ्या बाईंना आधी घरी जाऊन सांगायला लागतं, कारण त्यांच्या नवऱ्याची कबर त्या झाडीलगत आहे. यात बराच वेळ गेला. त्या पोराने मध्येच फोन काढला. उदयला वाटलं कंटाळला. तो फोनवर लिहून घेत होता.

आता ते दोघे महिन्यातून एकदा बेकरीत भेटतात. पोरगा मीटिंगचे कागद घेऊन येतो, उदय चष्मा लावतो. झाडी फेब्रुवारीत कापली गेली आणि बाईंना आधी सांगितलं गेलं. पुढच्या निवडणुकीला उभा राहणार का, असं मी उदयला मागच्या आठवड्यात विचारलं. तो म्हणाला, अजून ठरवलं नाही. आशा स्वयंपाकघरातून म्हणाली, ठरवलंय.